ऑर्किडचा दुसरा बहर

घरात सर्वाधिक जोपासले जाणारे ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस. कार्ल ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये दिलेल्या या ग्रीक नावाचा अर्थ ‘पतंगासारखे दिसणारे’ असा आहे. याची फुले दोन-तीन महिने टिकतात. ती गळाली की पाच-सहा जाड पाने तेवढी उरतात आणि रोप संपले असे समजून अनेकदा ते टाकून दिले जाते. खरे तर हे रोप बरीच वर्षे जगते. पानांच्या बगलेत पुढच्या फुलदांड्याचे डोळे झोपलेले असतात. निरोगी मुळे, पुरेसा उजेड आणि काही आठवड्यांचा थंडावा मिळाला की ते जागे होतात.

आग्नेय आशियातील जंगलांत हे ऑर्किड झाडांच्या खोडांवर वाढते. ते बांडगूळ नव्हे. खोडाचा त्याला फक्त आधार असतो. त्याच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडताच ते पाणी शोषते आणि वाऱ्यावर सुकते. साध्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. म्हणून भरपूर भोकांच्या कुंडीत झाडाची साल, लाकडी कोळसा, विटांचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. साधारण दोन वर्षांनी, फुले संपल्यावर, हे मिश्रण बदलावे.

पाणी कधी द्यायचे ते मुळेच सांगतात. कोरडे मूळ चंदेरी दिसते. पाणी मिळताच ते पाहता पाहता हिरवे होते. पुन्हा चंदेरी झाले की सकाळी पाणी द्यावे. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचले तर शेंडा कुजतो, म्हणून ते कापडाने टिपून घ्यावे. वाढीच्या काळात पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, पंधरवड्यातून एकदा पुरते.

उजेडाचे माप पानांच्या रंगावरून कळते. पाने गर्द हिरवी असतील तर उजेड कमी पडतो आहे. लालसर झाक आली तर ऊन जास्त होते आहे. पोपटीकडे झुकणारा हिरवा रंग योग्य. पूर्वेच्या खिडकीतले कोवळे ऊन या रोपाला मानवते.

बहर सर्वांत जास्त अवलंबून असतो तो तापमानावर. पारा २८ अंशांच्या वर राहिला, तर रोप नुसती पाने काढत राहते. तो चार ते सहा आठवडे २५ अंशांच्या खाली राहिला की फुलदांडा फुटतो. केवळ रात्र गार असून भागत नाही, दिवसही फार तापता कामा नये. पुणे-नाशिककडे हिवाळ्यात हे सहज साधते. मुंबई आणि कोकणात घरातली उजेडाची पण सर्वांत थंड जागा निवडावी आणि रात्री खिडकी उघडी ठेवावी.

नवा दांडा आणि नवे मूळ यांत सुरुवातीला गल्लत होते. मुळाचे टोक गोल आणि चकचकीत असते. दांड्याचे टोक चपटे, हातमोज्याच्या अंगठ्यासारख्या खाचेचे असते. दांडा दिसल्यापासून फुले उमलायला सुमारे तीन महिने लागतात. या काळात कुंडी सारखी फिरवू नये. पिकणारी केळी किंवा आंबे जवळ ठेवू नयेत; त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात.

जुना दांडा हिरवा आणि रोप सशक्त असेल, तर तो खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या वर कापावा. तिथून फांदी फुटून थोडी लहान फुले येऊ शकतात. रोप अशक्त असेल किंवा दांडा वाळला असेल, तर तो बुडातून काढावा. कापण्याआधी पाते निर्जंतुक करावे, कारण विषाणूजन्य रोग त्यावरूनच पसरतात.

सर्व ऑर्किडना हाच नियम लागू पडत नाही. डेंड्रोबियमला ऊन जास्त लागते, आणि त्याच्या अनेक जातींत पाने झडलेल्या जुन्या कांड्यांवरही फुले येतात. म्हणून हिरव्या कांड्या कापू नयेत. सह्याद्रीतली सीतेची वेणी तर पावसाळ्याच्या तोंडावर फुलते. आपल्याकडचे ऑर्किड कोणत्या जातीचे आणि त्याचा मूळ ऋतू कोणता, हे कळले की त्याला केव्हा काय द्यायचे तेही ठरते.