पाटी बस्टरची, शेअर साडूचे



भागीदारीच्या व्हिडिओत बस्टर कीटनचं नाव घेतलं, पण दोन मिनिटांत त्याची गोष्ट सांगून होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांचा धंदा नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या भरवशावर चालतो, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

कीटन म्हणजे अमेरिकन मूकपटांचा बादशहा. चेहऱ्यावर हसू नाही, डोक्यावर चपटी टोपी, आणि अंगावर घर कोसळलं तरी सरळ उभा. जन्म १८९५ चा, कॅन्सस राज्यातला. आईवडील गावोगावी फिरून रंगमंचावर विनोदी खेळ करायचे आणि लहानपणापासून हाही त्यात होता. बाप त्याला स्टेजवर इकडून तिकडे फेकायचा. त्यासाठी पोराच्या कोटाला पाठीमागे चक्क बॅगेची मूठ शिवलेली होती! आपण हसलो तर लोक हसत नाहीत, हे त्याला तेव्हाच कळलं. तो न हसणारा चेहरा पुढे त्याचा ब्रँड झाला.

१९१७ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या हातात नाटकाचं काम होतं, आठवड्याला २५० डॉलरचं. ते सोडून तो रॉस्को आर्बकल या विनोदी नटाकडे ४० डॉलरवर गेला. का? तर त्याला कॅमेरा शिकायचा होता. कॅमेरा आतून कसा चालतो हे बघायला तो खोलून पुन्हा जोडला, असं तो सांगायचा. मला तर त्याचा हा निर्णय फार आवडतो. शिकण्याची किंमत त्यानं स्वतःच्या खिशातून भरली.

१९२० मध्ये निर्माता जो शेंक यानं त्याच्यासाठी हॉलिवूडमध्ये वेगळा स्टुडिओ काढून दिला. पाटीवर नाव बस्टर कीटनचं. पुढच्याच वर्षी कीटननं नॅटली टालमॅजशी लग्न केलं. तिची बहीण नॉर्मा ही शेंकची बायको. म्हणजे निर्माता आता साडू झाला! पैसे, हिशेब, करार, वितरण सगळं शेंककडे. कीटनकडे कामगिरी: विनोद सुचवणं, दिग्दर्शन, अभिनय, जीव धोक्यात घालून उड्या. एखाद्या प्रसंगाचं घोडं अडलं की सगळं युनिट बेसबॉल खेळायला बाहेर पडायचं, आणि कोणाला काही सुचलं की पुन्हा कामाला. लिखित पटकथा जवळजवळ नसायचीच.

आता नीट लक्ष द्या. त्या कंपनीत कीटनच्या नावावर एकही शेअर नव्हता. आठवड्याचा पगार होता, नफ्यात वाटा होता, पण मालकी शून्य. शेअर होते शेंक आणि त्याच्या ओळखीच्या मंडळींकडे. कीटनला याचं काही वाटलं नाही, कारण पैसा वेळेवर येत होता आणि कामात कोणी ढवळाढवळ करत नव्हतं. शेंक लबाड होता, असंही मी म्हणणार नाही. त्यानं कीटनला जी मोकळीक दिली तशी फार कमी निर्माते देतात. खरा घोळ तिथेच आहे. माणूस चांगला असला की आपण कागद मागत नाही.

मग आला 'द जनरल'. खर्च सुमारे साडेसात लाख डॉलर. ओरेगॉनमध्ये त्यानं खरं वाफेचं इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं. आज हा चित्रपट जगातल्या उत्तम चित्रपटांत धरतात. तेव्हा तो आपटला. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची अख्खी भिंत त्याच्यावर पडते आणि खिडकीच्या जागेमुळे तो वाचतो. भिंत खरी होती, अंतर काही इंचांचं. तोही चित्रपट चालला नाही.

शेंकनं ठरवलं, आता स्टुडिओ बंद. तू एमजीएममध्ये जा. एमजीएमच्या मूळ कंपनीचा प्रमुख कोण? निकोलस शेंक, म्हणजे साडूचाच भाऊ. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड, दोघांनीही त्याला बजावलं की जाऊ नकोस. दोघे स्वतःच्या चित्रपटांचे मालक होते, त्यांना फरक ठाऊक होता. पण कीटनकडे 'नाही' म्हणायला होतं काय? स्टुडिओ त्याचा नव्हता, कंपनी त्याची नव्हती. आठवड्याला तीन हजार डॉलरवर त्यानं सही केली. आत्मचरित्रात त्यानं या सहीला आयुष्यातली सर्वांत मोठी चूक म्हटलंय.

गंमत बघा, एमजीएममधले त्याचे बोलपट चांगले चालले. धंद्याच्या वहीत बघाल तर निर्णय बरोबर! पण पटकथा दुसऱ्याची, विनोद दुसऱ्याचे, वर सतरा साहेब. दारू वाढली, १९३२ मध्ये घटस्फोट झाला, १९३३ मध्ये कंपनीनं काढून टाकलं. काही वर्षांनी तो त्याच एमजीएममध्ये परतला, आठवड्याला १०० डॉलरवर, इतरांसाठी विनोद सुचवायला.

इथे एक मिनिट थांबा आणि स्वतःची फाईल काढा. दुकानाचा भाडेकरार कोणाच्या नावावर आहे? जीएसटी नोंदणी? ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज कोणी केला? फर्म असेल तर लेखी भागीदारी करारनामा आहे का, आणि त्यात तुमचा टक्का लिहिलाय का? प्रायव्हेट लिमिटेड असेल तर शेअर किती? "अहो, मी डायरेक्टर आहे" हे उत्तर चालणार नाही. एकही शेअर नसलेला डायरेक्टर असू शकतो. "भाऊजी बघतात ते सगळं" हे तर अजिबात चालणार नाही.

हॅरॉल्ड लॉइडचं उलटं. १९१९ मध्ये फोटो काढताना नकली समजलेला बॉम्ब हातात फुटला, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट गेलं. तरी पुढे घड्याळाला लटकण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग त्यानं केला. १९२० च्या दशकात स्वतःची कंपनी काढली आणि चित्रपट स्वतःकडे ठेवले. शेवटपर्यंत श्रीमंत राहिला. पण टीव्हीवर चित्रपट दाखवायला तो सहजासहजी तयार होईना, त्यामुळे नव्या पिढीनं त्याला कमी पाहिलं. मालकी हातात असली म्हणजे सगळंच साधतं असं नाही. मात्र ठरवायचा हक्क त्याचा होता.

कीटनचं पुढे बरं झालं. १९४० मध्ये एलिनॉर नॉरिसशी लग्न झालं, ती भक्कम उभी राहिली. त्याच्या जुन्या बंगल्यात पुढे अभिनेता जेम्स मेसन राहायला आला, तिथे जुन्या फिल्म्सचे डबे सापडले. रेमंड रोहॉअर या चित्रपटगृहवाल्यानं हक्कांचा गुंता सोडवत ते चित्रपट पुन्हा पडद्यावर आणले. मानाचा ऑस्कर मिळाला. १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला.

पण त्याला हक्काचं छप्पर त्या जुन्या चित्रपटांनी दिलं नाही. पॅरामाउंटला त्याच्या आयुष्यावर चित्रपट काढायचा होता. त्या कहाणीचे ५० हजार डॉलर त्याला मिळाले. १९५७ मध्ये आलेला तो चित्रपट खऱ्या आयुष्याशी फारसा जुळत नाही. पण ती कहाणी तरी बस्टरच्या स्वतःच्या मालकीची होती. त्या पैशातून त्यानं वुडलँड हिल्सला घर घेतलं, कोंबड्या पाळल्या आणि आवारात खेळण्यातली आगगाडी टाकली. पाहुणे आले की ती गाडी खाण्याच्या वस्तू घेऊन टेबलापर्यंत यायची.