रोजचा परवलीचा शब्द

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणातल्या देवळांत कौल लावण्याची पद्धत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. लग्न, जमीन, आजारपण, असा काहीतरी प्रश्न मनात घेऊन माणूस देवापुढे उभा राहतो. गुरव मूर्तीला कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतो. उजवा कौल मिळाला तर होकार, डावा मिळाला तर नकार. प्रश्न माणसाचा, उत्तर देवाचे.

पूर्व जर्मनीत हर्नहूट नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथेही दर वर्षी चिठ्ठ्या उचलल्या जातात. पण तिथला प्रकार नेमका उलटा आहे. तिथे प्रश्न देवाचा असतो आणि उत्तर माणसाने द्यायचे असते. या उत्तरालाच ते लोक प्रार्थना म्हणतात.

ही गोष्ट सुरू होते १७२२ साली. धर्मछळामुळे मोराविया प्रांतातून बाहेर पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना काउंट झिन्झेनडॉर्फ या जमीनदाराने आपल्या जमिनीवर आसरा दिला आणि त्यातून हे गाव वसले. ३ मे १७२८ रोजी संध्याकाळच्या उपासनेत झिन्झेनडॉर्फने जमलेल्या मंडळींना दुसऱ्या दिवसासाठी एक छोटे वचन दिले. मग हा रोजचा परिपाठ झाला. सकाळी कुणीतरी घरोघर जाऊन त्या दिवसाचे वचन सांगायचे आणि घरच्यांची विचारपूस करायची. १७३१ सालासाठी वर्षभराची वचने प्रथमच पुस्तकरूपाने छापली गेली. तेव्हापासून हे छोटे पुस्तक दर वर्षी निघते. आज ते पन्नासहून अधिक भाषांत वाचले जाते.

या वचनांना जर्मन भाषेत ‘लोझुंग’ म्हणतात. लोझुंग म्हणजे पहारेकऱ्याचा परवलीचा शब्द. रात्री गस्त घालणाऱ्याला तो ठाऊक असावा लागतो. दिवसभर जगात वावरताना आपण कोणाचे आहोत, याची खूण म्हणून हा शब्द जवळ बाळगायचा, अशी त्यामागची कल्पना.

बायबलच्या जुन्या करारातली सुमारे १८०० वचने या कामासाठी वेगळी काढलेली आहेत. त्यांतून प्रत्येक दिवसासाठी एक वचन चिठ्ठीने निघते, तेही तीन वर्षे आधी. मग त्याच्याशी जुळणारे नव्या करारातले एक वचन विचारपूर्वक निवडले जाते. शेवटी एखादी छोटी प्रार्थना किंवा गीताचे कडवे. वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आपण म्हणाल, चिठ्ठी कशाला? ज्याला जे आवडेल ते त्याने वाचावे. पण खरी मेख इथेच आहे. निवड आपल्या हाती असली की आपण आपल्या सोयीचेच वाचतो. दुःखात सांत्वनाची ओळ शोधतो, रागात शत्रूचा नाश मागणारी. पुढे पुढे प्रार्थना म्हणजे आपल्याच मागण्यांची यादी होऊन बसते. भावाशी भांडण झालेल्या सकाळी क्षमेविषयीचे वचन समोर आले, तर ते टाळता येत नाही. ‘मला हे जमत नाही’ एवढेच म्हणावेसे वाटले, तर तेवढे म्हणावे. तीही प्रार्थनाच. वचन सावकाश वाचावे, जो शब्द टोचेल तिथे थांबावे, त्याला आपल्या शब्दांत उत्तर द्यावे आणि मग थोडा वेळ गप्प बसावे. रीत एवढीच आहे.

ही रीत किती खोल जाऊ शकते, हे डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन धर्मगुरूच्या आयुष्यात दिसते. हिटलरच्या राजवटीला त्यांचा विरोध होता. जून १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. मित्रांनी तिथे त्यांच्यासाठी सुरक्षित काम शोधून ठेवले होते. पण मन लागेना. २० जून रोजी त्यांनी ते काम नाकारले. त्या दिवशीच्या दैनंदिनीत, आपल्या निर्णयामागचे हेतू आपल्यालाच पुरते उमगत नाहीत, अशी त्यांची कबुली आहे. त्या दिवसाचे वचन देवाच्या कठोर न्यायाविषयी होते, हेही त्यांनी नोंदवले आहे. वचनाने त्यांना ‘परत जा’ किंवा ‘थांब’ असे काहीच सांगितले नाही. कौल मिळाला नाही. फक्त स्वतःचे मन तपासायला लावले. निर्णय त्यांनाच घ्यावा लागला. जुलैमध्ये ते जर्मनीला परतले.

१९४३ साली त्यांना अटक झाली. २० जुलै १९४४ रोजी हिटलरला मारण्याचा कट फसला. या कटातल्या मंडळींशी बॉनहॉफर यांचा संबंध होता. आता आपली सुटका नाही, हे कळण्याचा तो क्षण. दुसऱ्याच दिवशी तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कालच्या आणि आजच्या वचनांनी आनंद दिल्याचे लिहिले. आदल्या दिवशीचे वचन रथ-घोड्यांवर नव्हे, तर देवाच्या नावावर भिस्त ठेवणाऱ्यांचे होते. त्या दिवशीचे देवाला मेंढपाळ म्हणणारे. दोन्ही केव्हाच छापून झाली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी बॉनहॉफर यांना फाशी देण्यात आले.

वचनाने त्यांना वाचवले नाही. वचन हा ताईत नव्हे आणि भविष्यही नव्हे, हे त्यांना चांगले ठाऊक होते. पण ज्या दिवशी स्वतःचे शब्द संपले असतील, त्या दिवशीही प्रार्थनेला सुरुवात करून देणारा एक शब्द त्यांच्यापाशी होता.

आपला धर्म कोणताही असो, देवापुढे बसलो की बहुतेक वेळा आपणच बोलत असतो. हर्नहूटच्या त्या साध्या माणसांनी क्रम बदलला. आधी ऐकायचे, मग बोलायचे. उद्या सकाळी आपणही एवढे करून पाहायला हरकत नाही.