सर्वनाम न घेता तोफ डागा

पुण्यातल्या स्पॅनिशच्या वर्गात दहावीला संस्कृत घेतलेली मुलं पहिल्याच आठवड्यात ओळखू येतात. फळ्यावर क्रियापद आलं की ती ते चालवायलाच लागतात : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. ठेका गच्छति-गच्छतः-गच्छन्तिचा, आणि रूप एकही चुकत नाही. मग मी सहज विचारते, ‘तुझी बहीण कोणती भाषा बोलते?’ मुलगा डोळे मिटून पुटपुटतो, आब्लो, आब्लास... आणि तिसऱ्या रूपाशी पोचल्यावर डोळे उघडतो, ‘आब्ला!’ उत्तर बरोबर असतं. पण संभाषणात एवढा वेळ थांबणारं माणूस मिळत नाही.

पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. आंतोनिओ दे नेब्रिहाने १४९२ मध्ये सालामांकात कॅस्टिलियन भाषेचं व्याकरण छापलं, तेव्हा त्याचा पाचवा भाग खास परभाषकांसाठी लिहिला आणि त्यात क्रियापदं चालवून दाखवली. तक्त्याची परंपरा इतकी जुनी आहे आणि तक्ता लागतोच. अडचण आहे ती क्रमाची. पाठ केलेला क्रम मोडून काढणं हे वर्गातल्या खेळांचं पहिलं काम.

त्यासाठी माझ्या पिशवीत कायम फासे असतात. तीन पुरुष, दोन वचनं, म्हणजे रूपं सहा, आणि फाशाला बाजूही सहा. या योगायोगावर स्पॅनिशच्या शिक्षकांनी कितीतरी खेळ उभे केले आहेत. त्यातला सगळ्यात आरडाओरड्याचा म्हणजे एका पेन्सिलीचा. दोघांत एकच पेन्सिल. एकजण भराभर रूपं लिहितो, तोवर दुसरा फासा टाकत राहतो. सहा पडले की पेन्सिल हिसकावून घ्यायची आणि आपल्या कागदावर लिहायला लागायचं. ज्याची यादी आधी आणि अचूक पुरी होईल तो जिंकला. पन्नाशीचे गृहस्थही पेन्सिलीसाठी खुर्चीवरून उठतात.

फाशावरच्या पाचव्या बाजूचं काय करायचं, हे मात्र प्रत्येक बॅच बघून ठरवावं लागतं. पाच म्हणजे ‘बोसोत्रोस’, चार ओळखीच्या माणसांना एकत्र हाक मारायचं सर्वनाम. स्पेनमध्ये ते रोजच्या तोंडी आहे, लॅटिन अमेरिकेतल्या बोलण्यात नाही. पुढे स्पेनला शिकायला जाणारी मुलं असतील तर पाचावर बोसोत्रोस राहतं. मेक्सिकोच्या ग्राहकांशी बोलणारे आयटीवाले असतील तर ती जागा मी ‘उस्तेद’ला देते, कारण आदरार्थी उस्तेदला क्रियापद तृतीय पुरुषाचं लागतं आणि तिथे त्यांची जीभ अडखळते.

आता मनापासून सांगायची गोष्ट. वर्गात हशा पिकला, गोंगाट झाला, म्हणजे क्रियापद शिकवून झालं असं नाही. बिल व्हॅनपॅटन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने यावर पुष्कळ काम केलं आहे. त्याचं म्हणणं असं की शिकणारा माणूस वाक्यातून आधी अर्थ उचलतो, आणि तो एखाद्या सुट्या शब्दातून मिळाला तर प्रत्ययाकडे त्याचं लक्षच जात नाही. ‘आयेर’ म्हणजे काल. तो शब्द कानावर पडला की भूतकाळ कळला. क्रियापदाच्या शेवटी काय लागलंय ते ऐकायची गरज उरत नाही. ‘यो’, ‘तू’ या सर्वनामांमुळेही हेच होतं. म्हणून खेळाची माझी परीक्षा एकच आहे : प्रत्यय ऐकल्याशिवाय डाव पुढे सरकतो का? सरकत असेल तर तो खेळ कितीही रंगला तरी मी घेत नाही.

आरमाराचा खेळ या परीक्षेत उतरतो, पण नियमात एक दुरुस्ती करावी लागते. स्पेनमध्ये त्याला ‘उंदिर ला फ्लोता’ म्हणतात. उंदिर म्हणजे बुडवणे; नाव ऐकून वर्ग हसतो आणि ‘इर’वाल्या क्रियापदांचा नमुना म्हणून ते कायमचं लक्षात ठेवतो. कागदावर सहा उभे रकाने सहा पुरुषवचनांचे, आडव्या ओळींत आठ क्रियापदं. चौकोनांत आपापली जहाजं लपवायची आणि समोरच्याच्या चौकोनावर तोफ डागायची. नेहमीच्या पद्धतीत मुलं ‘तू कोमेस’ म्हणतात. तिथे ‘तू’ ऐकूनच रकाना सापडतो. माझ्या वर्गात सर्वनामाला बंदी. नुसतं ‘कोमेस’ म्हणायचं. समोरच्याने शेवटचा ‘एस’ ऐकून रकाना शोधायचा आणि मगच सांगायचं : ‘आग्वा’, गोळा पाण्यात, ‘तोकादो’, लागला, ‘उंदिदो’, बुडालं. एवढ्याशा बंदीने वर्गाचा आवाज खाली येतो, माना पुढे झुकतात. मराठी मुलांना हे अनोळखीही नाही. ‘येतोस का?’ म्हटल्यावर ‘तू’ कोण घालतं?

आठ क्रियापदांची निवड करताना मी बराच वेळ घालवते. त्यात ‘केरेर’ असतंच. किएरो, किएरेस, किएरे, किएरेन. पण मधेच केरेमोस, केरेइस. तक्त्यात बदलणाऱ्या चार घरांभोवती रेघ काढली की बुटाचा आकार होतो, म्हणून इंग्रजी शाळांत यांना बुटाची क्रियापदं म्हणतात. बुटाने कोणती घरं ते कळतं, का ते कळत नाही. कारण आघातात आहे. जोर धातूवर पडला की ‘ए’चा ‘इए’ होतो. केरेमोसमध्ये जोर पुढे सरकतो, म्हणून ‘ए’ तसाच राहतो.

आघात ही आपल्या कानांची खरी अडचण. ‘आब्लो’ या रूपात जोर ‘आ’वर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. पुरुष बदलला, काळही बदलला. मराठीत जोर हलवून असा अर्थ फिरत नाही, त्यामुळे हुशार मुलांनाही सुरुवातीला फरक ऐकूच येत नाही. इथे तक्ता बाजूला ठेवून सगळ्यांना उभं करते. मी रूप म्हणायचं. जोर आधी आला तर स्वतःकडे बोट, शेवटी आला तर शेजाऱ्याकडे. एकदा निम्मी बोटं भलतीकडे वळत असताना तबला शिकणारा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, सम हललीय.’ मग बाकावर थाप देऊन त्यानेच सगळ्यांना ऐकवलं. आता प्रत्येक बॅचला मी बाकावर थाप द्यायला लावते.

एका संध्याकाळच्या बॅचमध्ये एक काकू होत्या. सून व्हॅलेन्सियाची, तिच्याशी आणि नातवाशी बोलता यावं म्हणून आलेल्या. ‘गुस्तार’च्या धड्याला तरुण मुलं इंग्रजीतून डोकं खाजवत होती, की आवडणारा मी असताना क्रियापद आंब्याप्रमाणे का बदलतं? चित्रांच्या कार्डांवरून एकमेकांच्या आवडी विचारायचा खेळ त्यामुळे अडला होता. काकू म्हणाल्या, ‘अरे, मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. तसंच मे गुस्ता, मे गुस्तान. यात अवघड काय?’ खेळ लगेच सुरू झाला. पुण्यात हा धडा मराठीतूनच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

भूतकाळासाठी माझा आवडता खेळ ‘ला कोआर्तादा’. काल रात्री सात ते नऊच्या दरम्यान चोरी झाली. संशयित दोघे. त्यांनी बाहेर जाऊन आपण कुठे होतो याची कहाणी जुळवायची, मग एकेकाला आत बोलावून वर्गाने उलटतपासणी करायची. इथे दोन भूतकाळ लागतात : घडून गेलेल्याचा आणि चालू असलेल्याचा. ‘गेलो’ म्हणजे फुई. ‘जायचो’ आणि ‘जात होतो’ या दोन्हींसाठी इबा. मराठी बोलणाऱ्याच्या मनात हा फरक आधीपासून असतो.

त्या बॅचच्या संशयितांनी सिनेमाला गेल्याचं पक्कं ठरवलं होतं. चित्रपट, तिकिटं, नंतरची मिसळ, सगळं जुळत होतं. मग काकूंनी दोघांनाही एकच प्रश्न टाकला : ‘तुम्ही आत गेलात तेव्हा दारावरचा माणूस काय करत होता?’ के आसिआ. कोणताही तक्ता मनात न म्हणता, सरळ. एकाने सांगितलं ‘कोमिआ’, जेवत होता. दुसऱ्याने ‘दोर्मिआ’, झोपला होता. वर्ग ओरडला, ‘कुल्पाब्लेस!’ दोषींना आमच्याकडे शिक्षा ठरलेली असते : पकडून देणाऱ्याने त्यांची हकिगत पुन्हा सांगायची, ‘आम्ही’च्या जागी ‘ते’ घालून. काकू उठल्या आणि फुइमोसचं फुएरोन, कोमिमोसचं कोमिएरोन करत सगळा प्रसंग त्यांनी सांगितला, दारावरच्या माणसासकट.