आजींची सालपापडी व्हिएतनामी ताटात!

"आई, तुम्ही घरी दहीभात खाऊन बसणार असाल, तर आम्हीही जात नाही," सुनेनं निक्षून सांगितलं, तेव्हा कुठं आजी तयार झाल्या. साताऱ्याहून महिनाभरासाठी मुलाकडे बंगळुरूला आलेल्या. नातीची परीक्षा संपली होती आणि तिनं फर्मान काढलं होतं, आज व्हिएतनामी जेवण!

आजींची धास्ती खोटी नव्हती. सगळं घर हौसेनं हॉटेलात जातं, चार जण जेवतात आणि घरातलं सर्वांत मोठं माणूस लिंबूसरबताचा पेला पुढे घेऊन बसतं, हे दृश्य कोणत्या शाकाहारी घराला नवीन आहे? त्यातून व्हिएतनामी म्हणजे गोमांस आणि मासळीच, हा सर्वसाधारण समज.

बंगळुरूला या जेवणाचं आता अप्रूप उरलेलं नाही. २०१० नंतरच्या दशकात इंदिरानगरच्या 'फोबिडन फ्रूट'सारख्या छोट्या हॉटेलांनी इथल्या खवय्यांना 'फो' या पदार्थाची गोडी लावली. तसं पाहिलं तर दक्षिणेत ही चव त्याहून जुनी आहे. पुदुच्चेरीची अनेक तमिळ कुटुंबं फ्रेंच अमलात नोकरी-व्यापारासाठी सायगावला गेली होती. १९५४ साली फ्रेंचांनी तिथून काढता पाय घेतल्यावर आणि पुढे १९७५ साली युद्ध संपल्यावर त्यांतली बरीच परतली. येताना कुणी व्हिएतनामी सून आणली, कुणी तिच्या हातची चव!

हे कुटुंब शिरलं ते अशाच एका आटोपशीर, चार-सहा टेबलांच्या हॉटेलात. आत पाऊल टाकताच आजी थबकल्या. "मसाला भाजतायत का गं?" त्यांचं नाक चुकलं नव्हतं. फोच्या रश्शात चक्रफूल, दालचिनी, लवंगा, धणे पडतात आणि आलं-कांदा थेट जाळावर काळपट होईपर्यंत भाजून घेतात. आपल्या वाटणाची रीत याहून फार वेगळी नाही. शिवाय गोड्या मसाल्यासाठी आपण वाण्याकडून आणतो, त्यातलं बरंचसं चक्रफूल व्हिएतनामहूनच येतं!

मात्र मूळ फोचा रस्सा असतो गोमांसाचा नाहीतर कोंबडीचा. तांदळाच्या चपट्या शेवया, वर कढत रस्सा आणि हिरवा पाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उत्तर व्हिएतनाममध्ये जन्मला. १९५४ च्या फाळणीनंतर लाखो माणसं दक्षिणेकडे गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला. तिथं त्याला मोड आलेले मूग आणि तुळशीच्या जातीची पानं भेटली. उच्चारही 'फो' नव्हे बरं का! 'फ' म्हणता म्हणता प्रश्न विचारल्यासारखा सूर खाली नेऊन वर उचलायचा. नातीनं तो तीनदा म्हणून दाखवला आणि वेटरला हसू आवरेना.

मग सुनेनं मुद्द्याचा प्रश्न विचारला. शाकाहारी मंडळींनी हा प्रश्न पाठ करून ठेवावा. नुसतं "व्हेज आहे ना?" पुरत नाही. "रस्सा कशाचा? आणि चटणीत फिश सॉस आहे का?" असं स्पष्ट विचारावं. मीठ लावून मुरवलेल्या मासळीचं हे पाणी व्हिएतनामी स्वयंपाकात आपल्या मिठाच्या जागी असतं. भाज्यांच्या पदार्थातही ते सहज पडतं आणि दिसत तर मुळीच नाही. ते वगळून मीठ किंवा सोया सॉस घालायला सांगता येतं. वेटर आत जाऊन विचारून आला. मुळा, गाजर आणि मशरूमचा वेगळा रस्सा होता.

खुद्द व्हिएतनाममध्ये शाकाहाराला 'चाय' म्हणतात. तिथं 'चाय' मागितला तर चहा नव्हे, शाकाहारी जेवण पुढे येतं! अनेक बौद्ध घरांत चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी हेच जेवण असतं. काटेकोर पाळणारे त्यात कांदा-लसूणही घालत नाहीत. हे ऐकल्यावर आजी प्रथमच खुर्चीत नीट टेकून बसल्या. चातुर्मास पाळणाऱ्या बाईला हे काही परकं नव्हतं.

तेवढ्यात ताज्या रोलची बशी आली. पारदर्शक पापुद्र्यात बारीक शेवया, गाजर, पुदिना, टोफू. आजींनी एक उचलून उजेडात धरला. पापुद्र्यावर जाळीची पुसट नक्षी होती. "अगं, ही तर सालपापडी!"

आणि खरोखरच तसंच आहे. तांदळाचं सरसरीत पीठ उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणलेल्या फडक्यावर पसरतात, वाफवतात, अलगद सोडवून बांबूच्या जाळीवर उन्हात वाळवतात. नक्षी उमटते ती त्या जाळीची. आपल्याकडे उन्हाळ्यात पानावर किंवा ताटलीत वाफवून सोललेल्या सालपापड्या याच कुळातल्या. फरक एवढाच, की आपण तळतो, ते पाण्यात भिजवून गुंडाळतात. हळद घातलेलं, कडेला कुरकुरीत होणारं त्यांचं 'बान्ह सेओ' पाहिलं असतं, तर कोकणातल्या माणसानं घावन म्हणूनच हाक मारली असती.

आजींनी दोन रोल संपवले, शेंगदाण्याच्या चटणीसकट. फोचा रस्सा मात्र त्यांना मिळमिळीत वाटला. "फोडणी हवी होती," हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

शेवटी कॉफी आली. पेल्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या छोट्या गाळणीतून थेंब थेंब गळणारी, खाली घट्ट गोड दूध. ब्राझीलखालोखाल जगात सर्वांत जास्त कॉफी पिकवणारा देश व्हिएतनाम. पण देशातली सुमारे ७० टक्के कॉफी पिकवणाऱ्या कर्नाटकात बसून मुलाला ते मान्य होईना. "आपली फिल्टर कॉफीच बरी," तो म्हणाला. आजींचं लक्ष नव्हतं. त्या वेटरला हिंदीत विचारत होत्या, ते तांदळाचे कोरडे पापुद्रे या गावात विकत कुठे मिळतात?