नौकेवरचा कर्णा

आम्हां धाडकरांना समुद्र लांबचा. रेडिओ बाहेर ऐकू जावा म्हणून कर्णा टांगावा, एवढेच आम्हांस ठाऊक. मासेमारी नौकेवर मात्र हेच काम निराळे होते. यंत्राच्या घरघरीत आतल्या रेडिओवरचा वादळाचा इशारा सुकाणूवरच्या तांडेलाला ऐकू जात नाही. असा इशारा किती मोलाचा, हे ११ नोव्हेंबर २००९ च्या 'फयान' वादळात कोकणाने अनुभवले. समुद्रावर गेलेले कित्येक मच्छिमार परतलेच नाहीत.

तेव्हा कर्णा सुकाणूपाशी आणावा, तर होकायंत्रही तेथेच! कर्ण्याच्या पोटात लोहचुंबक असतो. तो जवळ आला की सुई उत्तर सोडून ढळते, आणि अंधारात नौका भलतीकडेच जाते. दुकानदार 'पाण्याने बिघडत नाही' म्हणून सांगतो. चुंबकाविषयी चकार शब्द काढीत नाही.

उपाय सोपा आहे. नौका धक्क्याला बांधून कर्णा हळूहळू दूर न्यावा. सुई हलेनाशी झाली, की त्याच्याही पलीकडे, निदान मीटरभर अंतरावर, तो बसवावा. दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा, म्हणजे उलटसुलट प्रवाहांचे चुंबकत्व परस्परांना मारते. पडदा कागदी नको, प्लॅस्टिकचा हवा; तोंड किंचित खाली, म्हणजे पाणी निथळेल. सर्व झाल्यावर रेडिओ एकदा चालू करून व एकदा बंद करून सुई पुन्हा पाहावी.