श्वास न घेणारा आवाज कसा ऐकावा?

पेडणे तालुक्यातील मालपे हे अंजनीबाई मालपेकर यांचे गाव. दमसासासाठी ख्यात असलेल्या भेंडीबाजार घराण्याच्या या गायिकेस १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप लाभली. असा वारसा लाभलेल्या गोमंतकीय श्रोत्यास, श्वासच न घेणारा आवाज रुचेल काय?

जपानमधील साप्पोरो येथील ‘क्रिप्टन फ्युचर मीडिया’ने ३१ ऑगस्ट २००७ रोजी ‘हात्सुने मिकु’ हा संगणकीय आवाज बाजारात आणला. त्यामागे यामाहाचे ‘व्होकलॉइड’ हे तंत्रज्ञान होते. अभिनेत्री साकी फुजिता यांच्या आवाजात ध्वनी मुद्रित केलेले असतात. संगीतकार शब्द व स्वर भरतो आणि संगणक त्या ध्वनींचे तुकडे जोडून गातो. म्हणजे मूळ कंठ माणसाचा, रचनाही माणसाचीच; यंत्र केवळ गाते.

ओळख करून घेण्यास तीन गाणी पुरेशी आहेत. रियो यांचे ‘मेल्ट’ (२००७) हे कोवळे प्रेमगीत आधी ऐकावे. त्यानंतर कुरोउसा-पी यांचे ‘सेनबोनझाकुरा’ (२०११) ऐकावे; ते पुढे पारंपरिक जपानी वाद्यांच्या साथीनेही सादर झाले. शेवटी कॉस्मो यांचे ‘हात्सुने मिकु नो शोशित्सु’ ऐकावे. ‘शोशित्सु’ म्हणजे लोप. त्यातील शब्दांची गती माणसाचा दम उखडणारी आहे. त्या अविश्रांत गतीतूनच लोप पावणाऱ्या आवाजाची घालमेल व्यक्त होते.

या गाण्यांत दमसास शोधू नये. रचनाकाराची कल्पकता ऐकावी.