साडेदहाच्या आधीचा भाव

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५. ठाणे.

सकाळी दहा. शटर उघडतोय तोच पायरीवर दोघे उभे, दोघांनाही फोन विकायचाय. रात्री साडेदहाला नवा आयफोन जाहीर होणार, त्याआधी जुना मोकळा करायची घाई. त्यात पितृपक्ष लागलाय. या पंधरवड्यात विकणारे येतात, घेणारे थांबतात. माल साचतो, पैसा अडकतो.

साडेदहा. पहिला पीस आयफोन १५, बॉक्स-बिलासकट. *#०६# दाबून आयएमईआय बिलाशी जुळवला, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासला. चोरीचा फोन कितीही स्वस्त मिळो, दुकानात नको. आयक्लाउड काढायला लावलं. फेस आयडी चालू, डिस्प्ले ओरिजिनल. मी भाव सांगितल्यावर पोरगा हिरमुसला. ''दादा, गेल्या आठवड्यात तर जास्त बोलला होतात!''

त्याला हिशेब उघड करून सांगितला. गेल्या सप्टेंबरात १६ आला त्या रात्रीच कंपनीनं १५ ची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० केली. आज १६ चं तेच होणार. सीलबंद १६ दहा हजारांनी उतरला, तर वापरलेला १५ जुन्या भावानं कोण घेईल? त्याच्यामागून १४ उतरतो, मग १३. पोरानं ऐकून घेतलं आणि फोन दिला. भाव पाडून मागायचा तर कारण सांगायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी दोन. एक ताई आयफोन एक्सआर घेऊन आल्या. त्याला आयओएस २६ मिळणार नाही, हे जूनमध्येच कळलंय. एक्सआरचा भाव नव्या फोनपेक्षा त्या बातमीनंच जास्त पडला. व्हॉट्सअॅप, यूपीआय अजून व्यवस्थित चालतंय. म्हटलं, ''ताई, इतक्यात विकू नका, आईंना वापरायला द्या.''

पाच. रिक्षावाले काका, मुलीला कॉलेजसाठी १३ हवाय. रोख पैसे घेऊन आलेले. आज विकला असता तर माझा फायदा होता. पण त्यांना म्हटलं, ''घटस्थापनेला या काका, २२ तारखेला. तोवर भाव खाली येईल.'' वर कुणीतरी नवा घेतो म्हणून खाली एका घरात चांगला फोन जातो. ती उतरण मधल्यामध्ये मी गिळायची नाही.

रात्री बारा. १७ ची किंमत ८२,९००, तीही २५६ जीबीला. १६ अपेक्षेप्रमाणे ६९,९००. वापरलेल्या १६, १५ आणि १४ च्या पाट्या लगेच बदलल्या. १३ चा भाव उद्या मनीष मार्केटच्या घाऊक व्यापाऱ्यांना विचारून ठरवीन.